निरवानिरव

औलूमध्ये जानेवारीत उजाडायला दहा वाजतात.
तोवर सिनिक्का रौतिओचा कॉफीचा दुसरा मग संपलेला,
आणि पडद्यावर कालचीच ओळ:
सातवा प्रोसेसर अडकला, बावीस सेकंद.

गेलं कोण होतं?
हवामानाचा अंदाज बांधणारी एक प्रोसेस.
बर्फाचं गणित पुरं झालं, निघाली.
मरण सोपं गेलं तिला.
मागे राहिली दीड टेराबाइट मेमरी,
चाळीस कोटी पानं,
आणि कर्नलमधला एक प्रामाणिक लूप:
पान उचलतो, नोंद खोडतो, परत करतो,
मान म्हणून वर करत नाही.

त्याची चूक काढता येईना, हाच त्रास.
एकही पान गहाळ नाही.
फक्त दाराबाहेर ताटकळत होते सगळे,
कुणाला डिस्कवर दोन ओळी लिहायच्या होत्या,
कुणाला नुसतं जागं व्हायचं होतं.
शेवटी राखणदार भुंकला.

रविवारी तुइरात ती आईचं घर रिकामं करत होती.
लिफ्टच्या दारात खुर्ची अडकवलेली.
लोकरीचे गुंडे, क्लाउडबेरीच्या बरण्या, लाकडी स्की,
बारा वर्षांची वीजबिलं, सालवार.
नीट चाललं होतं.
दीड तासानं जिन्यावरून काठी वाजली:
पाचव्या मजल्यावरचे एइनारी कुक्कोला,
दुसऱ्या हातात दवाखान्याचा कागद.
बोलले काहीच नाहीत.
खुर्चीकडे तेवढं पाहिलं.

सोमवारी तिनं एक ओळ घातली:
हजार पानांनंतर थांब, कुणी खोळंबलंय का बघ.
मशीन ठार गोठलं.
लूप थांबला होता खरा,
पण कुलूप मुठीत धरूनच.

मंगळवारी दोन ओळी जास्त.
आधी कुलूप खाली ठेव.
मग विचार. मग सरक.
परत येशील तेव्हा सोडलेल्या पानापासून धर,
आणि मधल्या वेळात काही हललं असेल
तर आरडाओरडा करू नकोस.

आता त्या प्रोसेसला जायला थोडा वेळ जास्त लागतो.
कुणाच्या लक्षातही येत नाही.
तिला जन्म देणारी प्रोसेस कोपऱ्यात थांबलेली असते,
लेकीचा शेवटचा आकडा घ्यायला.
शून्य. म्हणजे सगळं ठीक.
मगच यादीतून नाव उतरतं.

तुइरात हे उलटं आहे.
तिथे एक कपाट अजून भरलेलं आहे,
आणि खुर्ची भिंतीशी.