गोदामामागचे सहा गुंठे

आप्पा पाणी गाळून प्यायचे.
दुहेरी घडीचं पांढरं फडकं, आणि फडक्यावर राहिलेलं
उलटं धरून पुन्हा विहिरीत सोडायचे, हलक्या हातानं,
डोळ्याला न दिसणारा जीवही आपल्या घरी जावा म्हणून.
दिवस बुडायच्या आत जेवायचे.
आणि सकाळी नऊला नांदणीच्या स्टँडसमोर
दुकानाचं शटर वर करायचे:
ढब्बूवरच्या थ्रिप्सला हे, वांग्याच्या अळीला ते,
हुमणीला पांढरी पावडर, सुटी, किलोवर.

मुदत संपलेला माल गोदामामागं पुरला जायचा.
तिथं हराळी आली नाही कधी.
हराळी!

शिरोळच्या कुसनाळे मॅडमनी माती तपासून कागद दिला.
आकडे मी आप्पांना मोठ्यानं वाचून दाखवले.
ते म्हणाले, 'बॅच नंबर असेल बघ. कंपनी परत घेती.'

मग चार ट्रॉल्या मळी,
बगॅसचा कोळसा,
गुऱ्हाळात कुणी घेत नाही तो काळा गूळ, शेणात कालवून.
मोहरी पेरायची, फुलायच्या आधी उपटायची,
म्हशीला घालायची नाही, पोत्यात बांधून पाठवायची.
लोक विचारायचे, भाजी कुणासाठी पाठवतीस गं?
पुन्हा पेरायची.

आम्ही बटाटा खात नाही, कांदा, गाजर नाही.
जमीन उकरली की किती जीव जातात, आई सांगायची.
पहिला टिकाव मारताना म्हणून हात कापला माझा.
ढेकूळ फोडून बघितलं. दुसरं फोडलं.
दुपारपर्यंत फोडत राहिले.
मारायला आत काही नव्हतंच.

तिसऱ्या वर्षी, पर्युषणाच्या आदल्या आठवड्यात
टिकावाखाली लालसर काहीतरी हललं.
गांडूळ. दोन तुकडे, दोन्ही वळवळणारे.
मी ओरडले तशी आप्पा काठी टेकत आले,
वाकले, चष्मा धोतराला पुसून पुन्हा वाकले.
'मेलं का गं?'
'मेलं.'
आणि त्यांच्या तोंडावर जे आलं
ते हसू होतं, मला दिसलं, त्यांनी ते लगेच पुसलं.

त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. मीही नाही.
टिकाव धुऊन माळ्यावर टाकला.
उद्यापासून हातमोजे घालून
बोटांनी.