डावा तळवा खाली

मंगळवारी सहाला ओटलीच्या क्वेकर सभागृहात
मी खुर्च्या भिंतीला लावते.
मध्ये निळी ओढणी, तिच्यावर मेणबत्ती,
भोवती वॉर्फ नदीतले चार गोटे.
फुलं फक्त एप्रिलात,
डॅफोडिल रस्त्याकडेला फुकट मिळतात तेव्हा.

नवखे दाराशीच उभे, कोट न काढता.
"माझे दोन्ही पाय डावे," इथे प्रत्येक जण
पहिल्या दिवशी हे सांगतोच.
मी म्हणते, चालेल,
एका वेळी एकच लागतो.

उजवा तळवा वर, तो घेतो.
डावा खाली, तो देतो.
चार पावलं उजवीकडे, मग जागच्या जागी एक झोका.
संपलं. एवढंच शिकायचं आजच्या दिवसात.
चुकलात तर थांबू नका,
थांबलात की शेजारचा आपटतो.

वर्तुळ इथे उलटं फिरतं.
देव उजव्या हाताला ठेवायचा,
हे चालता येऊ लागलं तेव्हापासून पायांत मुरलेलं;
इथे मेणबत्ती डाव्या हाताला.
पहिली दोन वर्षं माझीच पावलं आधी भलतीकडे निघायची
आणि मी घाईघाईने म्हणायचे,
"आधी असं करू नये, ते दाखवते."

कुणाला सांगितलेलं नाही, पण
त्या ओढणीखाली मला पाट दिसतो,
पाटावर खडूनं काढलेला हत्ती, सोंडेत माळ,
आणि कराडच्या अंगणातल्या बारा-तेरा मुली,
सगळ्यांचं अर्धं लक्ष खिरापतीच्या डब्याकडे.

चौतीस वर्षं लीड्सच्या वॉर्डात काढली.
बोटांना सवय लागली ती जात नाही:
हात हातात आला की ती मनगटाकडे सरकतात.
ग्लेनिसची नाडी संथ, पोहणारीची.
बेव्हर्लीची पहिल्या नाचात शंभर, तिसऱ्यात ऐंशी.
मी तोंडानं पावलं मोजते, एक दोन तीन चार,
आतून हे दुसरं मोजणं चालू.

क्लिफर्ड ऑक्टोबरात आला.
इल्कलीची बस चालवायचा, आता अठ्ठ्याहत्तर.
"मुलीनं नाव घातलं," म्हणाला,
जसं कुणी शाळेत घालावं.
हात देताना आधी पँटला पुसले.

त्याचं पाऊल गळायचं.
सात-आठ नीट पडायची, मग एक पडायचंच नाही,
मग दोन घाईघाईनं, थांबा चुकलेल्या बससारखी.
अख्खं वर्तुळ दचकायचं, सावरायचं.
मी सावकाश शिकवलं. टाळ्या वाजवून शिकवलं.
शेवटी त्याला माझ्या डाव्या हाताला घेतलं.

बोटं सरकली.
सात, आठ,
आणि
मग दोन घाईनं.

गाणं कुठल्याशा बाल्कन खेड्यातलं होतं,
मला त्याचा अर्थ कधीच माहीत नव्हता.
ते संपेपर्यंत मी हात सोडला नाही.
सोडायला हवा होता, तिथे टाळी होती.

चहाच्या वेळी बाजूला घेऊन बोलले.
तो म्हणाला, "नाचाच्या बाई हे कधीपासून बघतात?"
मी म्हटलं, उद्याच जा. सकाळी आठला फोन कर, साडेआठला नाही.

पुढचे तीन मंगळवार तो नव्हता.
गोल लहान केला नाही कुणी.
ग्लेनिस मधली जागा सोडून उभी राही
आणि त्या जागेपाशी आलं की हात जरा लांब ताणी,
मी काही शिकवलेलं नव्हतं तसं.

काल आला. कोट स्वतःच काढला.
खिशात गोळ्यांची डबी, चालताना खुळखुळते,
बेव्हर्ली म्हणाली, चला, वाद्यवृंद आला.
पाऊल अजून गळतं त्याचं, पण कमी.
मी नाडी पाहिली नाही.
पाहिली. थोडीशी.

मग डबा हलवून विचारलं, ओळखा आत काय?
दर वेळेसारखं क्लिफर्ड म्हणाला, "शॉर्टब्रेड."
शंकरपाळे होते.
अर्धा गुण दिला.