निनावे

जिथे भाऊचा खड्डामाग होता
त्याच खोलीत प्रज्योतने दोन यंत्रं बसवली.
तांडापेठेत मे महिना, पारा सेहेचाळीस.
माणसांना कूलर एक, यंत्रांना दोन.
“काय विणते रे हे?”
“विणत नाही आत्या. शून्यं शोधून राहिलं.”

एक आकडा घालायचा, दळायचा, पीठ पाहायचं.
पुढे पुरेशी शून्यं नसली तर फेकून द्यायचं,
दुसरा घालायचा.
जगभर लाखो यंत्रं अशीच फेकून राहिलीत.
ज्याला आधी सापडेल त्याचं पान वहीला जोडतात,
मजुरीत नाणं देतात.
“आणि बाकीच्यांचं?”
“वाया.”
कोराडीचा कोळसा, वाया. खोली गरम.

पान कसं जोडतात ते मात्र मला सांगावं लागलं नाही.
आमच्या भिशीत अठरा बायका.
मंदा हेडाऊने एका वर्षी मधलं पान फाडून
नवं लावलं, तेव्हापासून
एकीची वही बंद. अठरा जणी, अठरा वह्या.
मागच्या पानाची बेरीज
पुढच्या पानाच्या कपाळावर.
आता एक आकडा बदलायचा
तर त्यापुढचं प्रत्येक पान बदला,
तेही दहा-बारा घरांत,
तेही पुढच्या गुरुवारच्या आत.
एवढी मेहनत करणारी बाई
भिशी कशाला बुडवेल? दुकान टाकेल.

काठाचंही तसंच असते.
चूक सात वीत मागे दिसली
तर तेवढा धागा ओढून निघत नाही,
तिथवर सगळं उकलत जावं लागते.

“फक्त त्या वहीत नावं नसतात, आत्या.
नुसता पत्ता. अक्षरं, आकडे.”
“म्हणजे सगळेच निनावे?”
तो हसला. दारावरच्या पाटीवर
आमचं आडनाव तेच आहे.

मग त्याने मोबाइलवर एक पत्ता उघडला.

गांधीबागेतल्या कोण्या पोराने
एका साडीचे पैसे भाऊला रुपयांत दिले नव्हते.
ही नाणी दिली, आणि बारा इंग्रजी शब्द:
हीच किल्ली, काका, दुसरी नाही.
भाऊने ते शब्द नक्षी काढावी तसे
एकेक अक्षर पाहून उतरवले
काठाच्या भोकाभोकांच्या पुठ्ठ्यामागे.
कोण चोरते पुठ्ठा?

कोणी चोरला नाही.
भाऊ गेल्यावर मीच विकला, मागासोबत,
कबाड्याला. साडेनऊ किलो.
त्याने अकरा रुपये भाव लावला, मी तेरा मागितला,
बारावर तुटलं.

पत्ता दिसते. रक्कम दिसते. तारीखही, दिवाळीआधीची.
जगातल्या झाडून साऱ्या वह्यांत
एकच आकडा, कुठे खाडाखोड नाही.
मंदाच्या दारात आम्ही जाऊन बसलो होतो,
ती रडली, बांगड्या मोडून तिने भरले.
इथे कोणाच्या दारात बसू?
दारच नाही. मॅनेजर नाही,
हातापाया पडायला कोणाचे पाय नाहीत.

दोन शब्द मला आठवतात.
एक संत्रं. तो भाऊने हसत हसत सांगितला होता,
हे पहा, नागपूरही आहे यात.
दुसरा छत्री. त्याचं स्पेलिंग बरोबर आहे का
म्हणून मला विचारलं होतं.
उरले दहा.

“तुझं यंत्र सेकंदात एवढं शोधते,
मग दहा शब्द शोधून दे ना.”
“त्याले फक्त दळता येते आत्या. आणि दुसरं आणलं तरी
दहा शब्दांसाठी सूर्य विझेल.”
असं म्हणून तो कूलरमध्ये पाणी टाकायला गेला.

रात्री भिंतीपलीकडे ते घरघरते.
झोपेत मागच वाटतो,
फक्त धोट्याचा खटका येत नाही,
त्याची वाट पाहता पाहता जाग येते.

काल विजेचं बिल आलं, तिप्पट.
वर अजून तेच:
डोमाजी निनावे.