तेलाचा हिशेब

नुब्रातल्या थंडीत आधी शाई गोठते, मग बोटं.
मी दौत काखेत धरून बसतो,
अंड्यावर कोंबडी बसावी तसा,
आणि गेलोंग योंतन दाराशी खाकरून सांगतात:
एक मात्राही इकडची तिकडे नको.

आजचं पान पश्चिमेचं.
कुण्या जुन्या पंडिताने
घाबरलेल्या वाटसरूचं ऐकून लिहिलेलं:
घोड्यांवरून येतील, विहार मोडतील,
मग उत्तरेतून आपला राजा निघेल
आणि चाकाची धार त्यांच्यावरून फिरेल.
'ललो' म्हणतात त्यांना पोथीत.
मूल बोबडं बोलावं तसा शब्द,
आत तलवार.

दिव्यात जर्दाळूचं तेल आहे.
खपालूचा मुर्तझा आणतो, गोठलेल्या श्योकवरून,
पाठीवर बुधले बांधून;
बिया त्याच्या आईने दगडावर ठेचलेल्या.
गेल्या वर्षी बर्फ त्याच्याखाली फुटला.
डाव्या पायाची दोन बोटं नदीने ठेवून घेतली,
तेल मात्र सांडलं नाही.

काल त्याने विचारलं,
पोथीत आमचं काय लिहिलंय?
म्हटलं, खोटं बोलत नाहीत. चोरी करत नाहीत.
एका ताटात जेवतात, उच्चनीच मानत नाहीत.
(आहे ते तिथे, खरंच;
भीतीच्या मधोमध,
खड्यांत दाणा सापडावा तसं.)
तो मिशीत हसला.
आणखी?
आणखी उद्याच्या पानावर, म्हटलं.

गेलोंग म्हणतात, ही लढाई आतली.
घोडे म्हणजे श्वास. शत्रू म्हणजे आपलाच द्वेष.
असेलही.
पण मग त्या द्वेषाला आपलं नाव का नाही दिलं,
शेजाऱ्याचं का दिलं,
हे विचारलं तर ते माळ ओढू लागले.

लिहिलं मी सगळं. मात्रा न चुकता.
तीनदा वात पुढे सारली.

पोथी संपली की नकलणाऱ्याला
दोन ओळी मोकळ्या मिळतात, पुण्य वाटून टाकायला:
कागद कुणाचा, सातू कुणी दिला, कुणाच्या आईबापांसाठी.
तिथे मी लिहिलं:
तेल, खपालूचा मुर्तझा. दोन बोटं कमी.

गेलोंगनी पान दिव्यापाशी धरलं.
दोनच ओळी, पण बराच वेळ वाचत राहिले.
मग लेखणी मागितली.
वाटलं, खोडणार.

नावातलं माझं सुटलेलं एक अक्षर
त्यांनी खाली, बारीक, भरलं.
आणि चिमटीने वात विझवली.
जपून वापर, म्हणाले,
नदी वितळायला लागलीय.