बारा बाय अठरा

लाईट गेली की आधी गल्लीतले माग थांबतात,
मग पंखा. मग यूपीएस शिट्टी मारायला लागतो
आणि मला कळतं, आपल्याकडे वीस मिनिटं आहेत.

वीस मिनिटांत मी नागनाथ चिलवेरींना
लग्नातल्या एका फोटोतून बाहेर काढत होते.
चौघांत डावीकडून दुसरे.
पुढच्याचा फेटा नेमका त्यांच्या कोपराशी आलेला.

नरसव्वा स्टुलावर. पासपोर्ट आठ, फंडाच्या फॉर्मला.
चार बाय सहा एक, भिवंडीच्या लेकाला.
आणि भिंतीवरचा,
"गाजुलांच्यात हाय बघ, तेवढा."
गाजुलांच्यात बारा बाय अठरा आहे. मीच काढलेला.

फोटो तीन व्हॉट्सॲपमधून फिरून आलेला,
रुंदी बाराशे ऐंशी,
त्यात खांद्यांसकट हा माणूस तीनशे वीस ठिपके.
पासपोर्टला पुरला.
चार बाय सहाला गाल पिठूळ झाले.
बारा बाय अठराला इंचाला सत्तावीस ठिपके येतात;
डोळ्याच्या जागी
तपकिरी चौकोनांची एक पायरी आली.

माझे वडील चादरीचं डिझाईन आलेखाच्या कागदावर भरायचे,
एक चौकोन एक धागा.
कारखानदार म्हणायचा, मोर तेवढा दुप्पट करा.
वडील म्हणायचे, मग चौकोन नवे भरावे लागतील मालक,
ओढून मोर मोठा होत नाही,
विरतो.
आता मशीन नवे चौकोन भरतं,
शेजारच्या ठिपक्याला विचारून, अंदाजाने.
नरसव्वांच्या नवऱ्याचा डोळा मला अंदाजाने भरायचा नव्हता.

"काढला कुणी हा?"
"भाच्यानं. श्रीशैल."
श्रीशैलला फोन लावला. म्हटलं, तुझ्या फोनमधला मूळ पाठव,
फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून.
तो म्हणाला, दोन्हीत काय फरक?
म्हटलं, पाठव की रे बाबा.

सहा एमबी. यायला चहा होईस्तोवर वेळ लागला.
मधे लाईट आली. माग सुरू झाले, पंखाही.
उघडली फाईल: इंचाला शहाण्णव.
तीनशे नाहीत, पण भिंतीवरचा फोटो
कुणी नाक लावून बघत नाही.

मग सफाई.
केसांत, कानाच्या पाळीवर, एका भुवईत पांढरे कण.
लहान फाईलीत नव्हतेच ते, चौकोनांत दडपले गेले होते.
मी ब्रश घेतला आणि एकेक पुसायला लागले.
अकरा झाले.

"ते कशाला पुसतीस गं?"
"डाग आहेत, मावशी."
"डाग न्हाईत. रुई हाय ती.
लग्नाच्या दिशीबी दुपारपत्तोर मागावरच की.
आंघोळ केली तरी ऱ्हायचीच थोडी."

कंट्रोल झेड, अकरा वेळा.
एकेक कण आपापल्या जागी परत येऊन बसला.
त्या मोजत होत्या की काय, कुणास ठाऊक.
विडीची पानं मोजणारी बोटं
पदराखाली हलत होती.

पुढचं नेहमीचं काम. स्क्रीन उजेड देते,
कागद उजेड पितो, म्हणून चेहरा थोडा उजळ.
फ्रेम चारी बाजूंनी पाव इंच खाते, म्हणून कडा मोकळी.
शार्प करताना हात आवरता घेतला,
नाहीतर रुईचा चुना झाला असता.

"आन् फॉर्मला?" त्या म्हणाल्या.
"तिथली पूस. हापिसातल्या लोकांला कशाला ती."
मी पासपोर्टची साइज उघडली.
तिथे पुसायला काही उरलंच नव्हतं.

मोठा प्रिंट दोन्ही हातांत धरून त्या पायरीवर गेल्या,
मला म्हणाल्या, धर,
आणि चालत रस्त्याच्या पार पलीकडे
टॉवेलवाल्याच्या दुकानापर्यंत.
मधून एक रिक्षा, एक सुताच्या गाठोड्यांची हातगाडी.
परत आल्या तेव्हा
काही बोलल्या नाहीत.
पाकिटातल्या आठ पासपोर्टपैकी दोन काढून
माझ्या टेबलावर ठेवले.
"सहाच लागत्यात. त्याचे पैसे कमी व्हतील का?"

म्हटलं, होतील.