तमाम लोकांस

रात्री पावणेदहाला धर्मादायचा मजकूर येतो.
पान सात, खालची अर्धी बाजू,
अक्षर सात पॉइंट.
त्याहून बारीक केलं तर शाई भरते,
मोठं केलं तर बिल वाढतं.
सांगलीत या टेबलावर बावीस वर्षं मी हेच लावतो :
तमाम लोकांस कळविण्यात येते की.

तमाम लोक मी कधी पाहिले नाहीत.
मुद्रितं तपासायला इनामदार होते तोवर
ते एक आणि मी एक,
एवढेच तमाम होते.
इनामदार मार्चअखेर निवृत्त झाले.

आजची यादी लांब आहे. तीनशे अठरा न्यास.
लागोपाठ पाच वर्षं हिशोबपत्रकं नाहीत,
सबब नोंदणी रद्द का करू नये.
तालमी, भजनी मंडळं, एक पांजरपोळ,
कवठे महांकाळचा एक विधवा साहाय्यक फंड,
ज्यातल्या विधवाही आता नसतील.
मी नावं वाचत नाही. वेलांट्या वाचतो.
तरी एकशे सत्तेचाळीसवर बोट थांबलं :
रुग्णसोबती स्टोव्ह मंडळ, मिरज.

ब्याण्णव साली वडिलांचं पोट उघडलं होतं मिरजेत.
आई दवाखान्याच्या कुंपणाला तीन विटा शोधत होती.
जिनगोंडा मगदूम सायकलवरून आले,
हँडलला स्टोव्ह,
त्यावर तांबड्या ऑइलपेंटनं तेवीस.
आई म्हणाली, डिपॉझिट किती?
ते म्हणाले, नाव सांगा.
नाव वहीत लिहिलं. झालं डिपॉझिट.
सतरा दिवस त्या तेविसावर मऊ भात शिजला.
परत देताना आईनं पिनसुद्धा मोजून दिली.

सदर न्यास कार्यरत नसल्याचे दिसून येते.
दिसून येते.
कुठे उभं राहिलं की असं दिसतं?

मिरजेच्या वार्ताहराकडून नंबर काढला.
मुलानं उचलला, भूपाल मगदूम.
म्हटलं, उद्याच्या पेपरात तुमचं मंडळ आहे.
म्हणाले, उद्याच्या? मग आज कसं कळलं?
मग हसले. म्हणाले, रॉकेल बंद झालं तेव्हाच
लहान टाक्या घेतल्या हो, शेगड्या अठ्ठावीस आहेत,
आज सगळ्या बाहेर आहेत.
हिशोब? आहे की. अण्णांच्या वहीत.
कुणी मागितला नाही.

मागितला होता. नोटीस जुन्या पत्त्यावर गेली असणार,
जिथं आता मोबाइलचं दुकान आहे.

तीस दिवस.
ते वाचल्यापासून मोजत नाहीत, छापल्यापासून मोजतात.
चारची गाडी विश्रामबाग ओलांडते,
आणि कुणी चूळ भरायच्या आत
तमाम लोकांस सगळं कळलेलं असतं.

मिरजेत दवाखान्यांच्या व्हरांड्यात
पेपर अंथरतात.
पान सात कुणाच्या तरी पाठीखाली जाईल,
एकशे सत्तेचाळीस घामानं त्याच्या सदऱ्यावर उमटेल,
आणि त्याच्या उशाशी
मंडळाचीच शेगडी असेल, विझवलेली, अजून कोमट.

ती एक ओळ ठळक करावी असं वाटलं.
केली नाही. मजकुरात नव्हतं.
एक अनुस्वार मात्र नीट बसवला.

सकाळी नऊला भूपाल मगदूम स्वतः आले,
पिशवीत सात वह्या.
पेपर काचेवर पसरून भिंग लावून वाचला.
खाली लिहिलं होतं, कोणाची हरकत असल्यास
लेखी कळवावे.
ते बराच वेळ तिथंच होते.
मग म्हणाले, आमची कशाला हरकत असेल, सरकार आहे ते.
म्हटलं, हरकत घ्यायची असते, मगदूम. नाहीतर संपलं.
म्हणाले, असं तोंडावर कसं म्हणायचं?
शेगड्या चालू आहेत, एवढंच लिहिलं तर चालेल?

मी कोरा कागद पुढे केला.
त्यांनी वर तारीख घातली,
आणि पहिल्या ओळीत, जपून,
सगळ्या शेगड्यांचे आकडे लिहायला घेतले.