चोविसावा दिवस

चोविसाव्या दिवशी भांग बोलायला लागतो.
आरशात आधी कपाळ, मग टिकली,
मग ती रेघ, मिठागराच्या बांधावर सुकलेल्या मिठासारखी.
दोन्हीकडे उरलेला रंग : चार पूर्णांक छप्पन्न.
डब्यावर नाव 'महोगनी'.
बेर्ता म्हणते, कसली महोगनी, आमसुलाचं पाणी.

साखळीहून म्हापसा, बसने जवळजवळ तास.
कचेरीत सांगते, दातांच्या डॉक्टरकडे जाते.
सहा वर्षं माझे दात दुखतायत
आणि गावडेसाहेब, सज्जन माणूस,
दर खेपेला लवंगेचं तेल सुचवतात.

पार्लर म्हणजे चोरीसाच्या दुकानावरचा माळा,
दोन खुर्च्या, एक बेसिन,
अमोनियाला लसूण-व्हिनेगरचा शेजार.
भिंतीवर इगर्जीचं कॅलेंडर,
त्यात प्रत्येकीची तारीख. नाव नाही, नुसता नंबर.
पाच. सहा पस्तीस. एक (ही डिसोझा टीचर, काळाशिवाय काही नको).
इथे मी कुणाची बायको, कुणाची वहिनी, वरिष्ठ लिपिक
यातलं काहीच नसते,
छप्पन्न असते.

पर्स उघडली तर :
काडीने कोरून दहा दिवस पुरवलेली विटकरी लिपस्टिक,
मे महिन्यात गालावर राहायला येणारं काजळ,
घामाबरोबर डोळ्यांत उतरणारं सनस्क्रीन,
आणि कुवेतहून नणंदेने पाठवलेलं सेंट,
जे फक्त शनिवारी, फक्त मनगटाला.
हे सगळं कशाला, असं नवरा विचारत नाही.
तो फक्त न्हाणीघरातल्या फरशीवरचा डाग दाखवतो,
तिथे एकदा मी घरीच लावायचा प्रयत्न केला होता.
अजून आहे. गोव्याच्या नकाशासारखा,
फक्त काणकोण नाही.

गेल्या चवथीला आग्नेल शिंप्याकडून
मासिकातलं चित्र दाखवून घोळदार पँट शिवली, मोरपिशी.
बायका म्हणाल्या, पायजमा छान आहे.
मी दिवसभर जिना उगाच चारदा चढले-उतरले,
कापड घोट्याशी कसं वळतं ते बघायला.

यावेळी बेर्ता कानाच्या पाळीला व्हॅसलिन लावत होती.
मी सहज विचारलं,
तुझेच केस का गं असे?
करडे, पोरासारखे कापलेले.
दुसऱ्यांचं घर रंगवणाऱ्याच्या घरासारखे.

'म्हाका सोसना,' ती म्हणाली.
एकोणिसाव्या वर्षी, पणजीत, पहिल्या पगारातून.
रात्री डोळे मिटले ते सुजूनच,
तीन दिवस इस्पितळात, तोंड भोपळा.
आई म्हणाली, देवाने दिलेलं बदलायला गेलीस.
डॉक्टर म्हणाला, कानामागे थेंब लावून बघायचा असतो आधी.
'मी डॉक्टरचं ऐकलं,' बेर्ता म्हणाली, आणि हसली.

मला आठवलं, सहा वर्षांपूर्वी
घाई होती, मी चिडले होते,
तरी तिने थेंब लावून मला परत पाठवलं होतं.
उद्या ये. उद्याच.

कुठला रंग होता गं?

ब्रश वाटीत फिरत राहिला.
'मान मागे कर,' ती म्हणाली. 'पाणी थंड नाही ना?'

चाळीस मिनिटं. धुणं. वारा.
तिने मोबाईलवर माझा मागून फोटो काढला,
दर वेळी काढते, मला कधी दाखवत नाही.
मी पैसे ठेवले, जिना उतरले.

रस्त्याच्या या बाजूला सावली होती,
दुकानांची, सलग, स्टँडपर्यंत.
वर खिडकीचं दार वाजलं.
मी रस्ता ओलांडला,
आणि उन्हातून चालले, सावकाश,
एकदा उगाच मान झटकून.

साडेचारची बस गेली.
पुढची सव्वापाचला.